मकरपुऱ्यातील दोन दिवसांचा वर्ग : भोक कसे पाडले, यावर भागाचे आयुष्य

सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना बडोद्यात आल्यापासून आमच्यासारख्या लहान यंत्रशाळावाल्यांना विमानाच्या कामाची ओढ लागली आहे. त्या ओढीनेच मी मकरपुरा जीआयडीसीतील (बडोद्याची औद्योगिक वसाहत) एका खासगी संस्थेचा, इंजिनाच्या सुट्या भागांचे आयुष्य कसे ठरते या विषयावरचा दोन दिवसांचा वर्ग केला. शुल्क साडेचार हजार रुपये होते. पहिल्या दिवसापुरते ते पूर्ण वसूल झाले.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त धातुतज्ज्ञ असून बोलणे गुजराती-हिंदी मिश्र होते. आम्ही दोघेतिघे दांडिया बाजार या बडोद्यातल्या मराठी वस्तीचे आहोत हे कळल्यावर चहाच्या वेळी ते मराठीत बोलू लागले. त्यांनी टायटॅनियमचे दोन तुकडे प्रत्येकाच्या हाती दिले. दोन्हीतली भोके मापाला अचूक होती आणि माझ्या बोटाला तर काहीच फरक जाणवला नाही. एचिंग केलेले (धातूची आतली रचना दिसावी म्हणून आम्लाने पृष्ठभाग किंचित खाल्लेले) तेच तुकडे मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर मात्र एका भोकाच्या कडेला वेगळाच, कडक झालेला पातळ थर दिसला. भोक पाडताना कूलंट (थंड ठेवणारा द्रव) आत पोहोचले नाही आणि चिप्स (धातूचा कीस) अडकून राहिल्या, तर उष्णतेने असा थर होतो.

त्यानंतर त्यांनी ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील पेन्साकोला येथे घडलेली एमडी-८८ या प्रवासी विमानाची दुर्घटना सांगितली. उड्डाणासाठी धावत असताना इंजिनाचा पुढचा फॅन हब (पंख्याची पाती ज्यावर बसतात तो मधला भाग) फुटला आणि दोन प्रवासी दगावले. हबची मर्यादा २०,००० उड्डाण-चक्रांची (एक उड्डाण आणि एक उतरणे म्हणजे एक चक्र) होती, तो फुटला १३,८३५ चक्रांना; चीर निघाली होती ती अशाच बिघडलेल्या थराच्या भोकातून. ही मर्यादा रूढ पद्धतीने काढताना हजारांतल्या फार तर एका भागात सुमारे पाऊण मिलिमीटरची चीर पडेल असे धरतात; पण भाग चाचणीच्या नमुन्यासारखाच घडवला आहे, हे त्या हिशेबात गृहीत असते. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत आज आयुष्याच्या आकड्याबरोबर उत्पादनाची योजनाही मागितली जाते.

१९ जुलै १९८९ च्या, अमेरिकेतील सू सिटी येथील विमान अपघाताची गोष्ट याच्याही मागे, थेट भट्टीपर्यंत जाते. त्या डीसी-१० विमानाच्या फॅन डिस्कची (पंख्याची पाती धरून ठेवणारी चकती) मर्यादा १८,००० चक्रे होती, ती १५,५०३ चक्रांना तुटली आणि ११२ माणसे गेली. टायटॅनियम वितळवताना राहिलेला नायट्रोजनयुक्त कडक कण त्यास कारण ठरला. तेथे यंत्रशाळेच्या हातात काहीच नव्हते, हे ऐकून मला बरे वाटले आणि नंतर तसे वाटल्याची लाजही वाटली.

दुसरा दिवस निराशाजनक होता. धातूच्या पावडरपासून बनवलेल्या डिस्कचा विषय जेमतेम चाळीस मिनिटांत गुंडाळला. पावडरमधील अशुद्धतेमुळे २०२३ पासून एअरबस ए३२० निओवरील कित्येक इंजिने उतरवून तपासावी लागली, याचा केवळ उल्लेख झाला. वाटलेल्या टिपणांत मायक्रोस्कोपची छायाचित्रे झेरॉक्समध्ये इतकी काळी आली होती की थर कोणता आणि कागद कोणता, हेच कळत नव्हते. तक्रार केल्यावर कार्यालयाने "पुढच्या बॅचला रंगीत देऊ" असे उत्तर दिले. आमच्या बॅचचे काय, हे विचारायचे राहून गेले.

तरीही निघताना त्या गृहस्थांनी म्हटलेले एक वाक्य मी आमच्या ड्रिल मशीनवर चिकटवले आहे : "आवाज बदलला की हात थांबला पाहिजे, माप बरोबर येत असले तरी." पुढच्या बॅचला मी माझ्या दोन कारागिरांना पाठवणार आहे, पण संस्था फक्त पहिल्या दिवसाचे पैसे घेईल का, हे आधी विचारणार आहे.