ड्राइव्हची चाचणी: लॅपटॉपवर, पीएलसी जोडून की टेस्ट बेंचवर?

मोटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग आणि जोर सांभाळणारे विजेचे यंत्र) जागेवर बसवण्याआधी तपासायचे तीन मार्ग आहेत. निव्वळ सिम्युलेशनमध्ये मोटर, ड्राइव्ह, भार सगळे लॅपटॉपवर असते. दुसऱ्या मार्गात पीएलसी (ड्राइव्हला आदेश देणारा औद्योगिक नियंत्रक) खरा आणि बाकी सगळे आभासी. तिसरा टेस्ट बेंच: खरी मोटर, खरा ड्राइव्ह आणि भार द्यायला शाफ्टला जोडलेली दुसरी मोटर. बिघाड कुठून येईल असे वाटते, हे आधी ठरवा. मार्ग त्यावरून निवडायचा.

यंत्रमागाच्या 1-2 एचपीच्या मोटरसाठी यातले काहीच करू नका. एक मोटर शिल्लक ठेवा, जळलेली वाइंडरकडे, म्हणजे वाइंडिंग पुन्हा भरणाऱ्याकडे, द्या. साध्या पाण्याच्या पंपालाही हेच लागू.

साखर कारखान्याच्या बॅच सेंट्रिफ्युगलची, म्हणजे बास्केट वेगाने फिरवून साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी. समजा साखरेसकट बास्केटचे जडत्व 1000 किलोग्रॅम-वर्गमीटर आहे आणि वेग 1200 आरपीएम. फिरत्या बास्केटमध्ये 7.9 मेगाज्यूल, म्हणजे सुमारे 2.2 युनिट ऊर्जा साठते. साखर खरवडायला वेग 50 आरपीएमवर आणायचा, तोही 40 सेकंदांत. ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालते आणि ही ऊर्जा ड्राइव्हकडे परत येते; सरासरी काढली तर 197 किलोवॅट. इथेच फसगत होते. ब्रेकिंग टॉर्क (फिरण्याला रोखणारा पिळाचा जोर) सारखा ठेवला, तर पहिल्या क्षणाला 378 किलोवॅट येतात आणि मग उतरत जातात. मोटरमधला ऱ्हास (वाया जाणारी ऊर्जा) त्यातून थोडा वजा होतो, पण सरासरीवर निवडलेले रिजनरेटिव्ह युनिट (परत आलेली वीज पुरवठ्यात सोडणारे) पहिल्याच सेकंदाला मागे पडते. डीसी बसचे, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी भागाचे, व्होल्टेज चढते आणि 415 व्होल्टचा ड्राइव्ह साधारण 800 व्होल्टला ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. वेळ 60 सेकंद केली की पहिला झटका 252 किलोवॅटवर येतो. मग मोठे युनिट घ्यायचे की दर सायकलला 20 सेकंद सोडायचे, हा हिशेब लॅपटॉपवर एका संध्याकाळी होतो.

हेच बेंचवर करायचे तर तेवढे जडत्व आणायचे कुठून? दीड मीटर व्यासाची, 26 सेंटिमीटर जाडीची भरीव पोलादी तबकडी लागेल: वजन साडेतीन टन, वेग 1200 आरपीएम, भोवती मजबूत पिंजरा. कोणी करू नये.

फक्त मॉडेल नीट निवडा. इन्व्हर्टरचे (ड्राइव्हमधला डीसीतून एसी बनवणारा भाग) 4 किलोहर्ट्झचे स्विचिंग, म्हणजे स्विचची उघडझाप, दाखवायला 1 मायक्रोसेकंदाची पायरी धरली, तर 2 मिनिटांच्या सायकलला 12 कोटी पायऱ्या होतात आणि लॅपटॉप रांगायला लागतो. सायकल बघायला इन्व्हर्टरचे सरासरी मॉडेल (प्रत्येक उघडझाप न दाखवणारे) आणि 100 मायक्रोसेकंदांची पायरी पुरते. सिमुलिंक किंवा प्लेक्स हे सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, नाहीतर फुकटच्या ओपनमॉडेलिकातही एवढे भागते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या वॉर्पिंग मशीनलाही (ताण्याचे धागे बीमवर, म्हणजे रुळावर, गुंडाळणारे) सिम्युलेशनच आधी. बीमचा व्यास 200 मिलिमीटरवरून 800 झाला की सारख्या ताणासाठी टॉर्क चौपट लागतो, पण सुताचे जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. रिकाम्या बीमवर लावलेला स्पीड लूप (वेग स्थिर ठेवणारे ड्राइव्हचे नियंत्रण) भरल्या बीमवर डुलायला लागतो. ते मशीनवर कळले, तर ताण्याचे तुटलेले धागे सांधण्यात पाळी जाते.

आता सिम्युलेशनला न दिसणाऱ्या गोष्टी. पहिली उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 25 अंशांचा आकडा 115 अंशांवर सुमारे 35 टक्के चुकतो. मोटर आणि ड्राइव्ह बहुधा 40 अंश हवेसाठी बनवलेले असतात, आणि सोलापूरचा मे महिना त्याच्या वर जातो. त्यात पॅनलच्या फिल्टरवर कापसाची रुई बसली, तर आतले तापमान कुठलेच मॉडेल सांगणार नाही. बेंचवर पूर्ण भार देऊन, अर्ध्या तासात तापमान 1 अंशाहून कमी वाढेपर्यंत चालवा. 90 किलोवॅटच्या दोन मोटर समोरासमोर जोडून दोन्ही ड्राइव्हची डीसी बस एक केली, तर पुरवठ्यातून फक्त ऱ्हासापुरते, ढोबळ 15 किलोवॅट ओढले जातात. 90 किलोवॅटचे बिल येईल म्हणून बेंच टाळणारे हे विसरतात.

दुसरी केबल, आणि इथे बेंचही खोटे बोलतो. केबलमधून लाट साधारण 150 मीटर प्रति मायक्रोसेकंद धावते. आयजीबीटीचे (ड्राइव्हमधला वेगवान स्विच) व्होल्टेज 0.1 मायक्रोसेकंदात चढत असेल, तर साडेसात मीटरच्या पुढे मोटरच्या टर्मिनलवर जवळपास दुप्पट व्होल्टेज दिसू शकते: 560 व्होल्ट बसवर 1100 च्या वर. बेंचवर 5 मीटर केबलने पास झालेली जोडी जागेवर 60 मीटरवर वाइंडिंग जाळू शकते. चाचणीला जागेवरचीच केबल, तेवढ्याच लांबीची वापरा, नाहीतर डीव्ही-डीटी फिल्टरची (व्होल्टेजची चढ मंद करणारा) किंमत आधीच धरा. बेअरिंगमधून वाहणाऱ्या प्रवाहाचेही असेच, तो मोजूनच कळतो.

मधला मार्ग आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. ओपल-आरटी किंवा टायफून एचआयएलसारखी महागडी यंत्रे ड्राइव्हचे कंट्रोल कार्ड तपासायला असतात. तयार ड्राइव्ह विकत घेणाऱ्याला त्या कार्डाचे गेट सिग्नल (स्विचला दिले जाणारे आदेश) सहसा मिळतच नाहीत, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. पण पीएलसीचा स्कॅन, म्हणजे प्रोग्रॅमची एक फेरी, 10 मिलिसेकंदांचा असेल, तर 1 मिलिसेकंद पायरीचे मॉडेल साध्या लॅपटॉपवर त्याच्यासोबत चालते. ऐन ब्रेकिंगमध्ये लाइट गेली, झाकणाचा इंटरलॉक सुटला, स्पीड सेन्सर तुटला, हे सगळे बॉयलर पेटण्याआधी टेबलावर करून बघता येते.

मॉडेलला लागणारे जडत्व कॅटलॉगमधून उचलू नका. हंगाम संपता संपता रिकामी बास्केट 1200 वर न्या, सोडून द्या आणि 1100 वर यायला लागलेला वेळ मोजा. मधल्या 1150 आरपीएमला यांत्रिक ऱ्हास 6 किलोवॅट, म्हणजे 49.8 न्यूटन-मीटर असेल आणि 126 सेकंद लागले, तर जडत्व 600 येते. 0.7 मीटर त्रिज्येवरच्या 800 किलो साखरेचे 390 मिळवा, म्हणजे वरचे 1000 जवळजवळ जुळतात. मोजताना मोटरचा पुरवठा पूर्ण तोडलेला हवा. ड्राइव्ह रॅम्पने थांबवत असेल, तर आकडा ड्राइव्हचा येतो, बास्केटचा नाही.