प्रवेश आधी रद्द करावा की नंतर?

पुण्यात एका महाविद्यालयात शुल्क भरून दुसरीकडच्या यादीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर दोन मार्ग असतात: प्रवेशाच्या अंतिम तारखेआधीच प्रवेश रद्द करणे, किंवा जागा हातात ठेवून नंतर ठरवणे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार, अंतिम तारखेच्या 15 किंवा अधिक दिवस आधी अर्ज दिल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून प्रक्रियेपोटी फार तर 5 टक्के, तेही 5,000 रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. म्हणजे 60,000 रुपये भरले असतील, तर किमान 57,000 परत. त्यानंतर, पण अंतिम तारखेआधी, 90 टक्के.

थांबण्याचा मार्ग महाग आहे. अंतिम तारखेनंतरच्या 15 दिवसांत 80 टक्के, म्हणजे 48,000 रुपये मिळतात. 30 दिवसांपर्यंत निम्मे. त्यापुढे शुल्क बुडालेच. अनामत रक्कम मात्र तेव्हाही पूर्ण परत करावी लागते, आणि नेमकी तीच मागायची राहून जाते. काही वर्षी आयोग स्वतंत्र, अधिक सवलतीच्या तारखा जाहीर करतो. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता.

दुसरीकडची जागा पक्की नसेल, तर 80 टक्क्यांच्या टप्प्यापर्यंत थांबणे मला समजू शकते, निम्म्यापर्यंत नाही. दोन्ही मार्गांत तोंडी सांगणे निरुपयोगी, कारण दिवस लेखी अर्जापासून मोजले जातात. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.