पैलवान चालवायचा कसा: हाताने, आयत्या चालीने की मोकॅपने?

समजा तुमच्या थ्रीडी अ‍ॅनिमेशन फिल्ममध्ये एक पैलवान कोल्हापुरात गंगावेशीतल्या तालमीतून निघून रंकाळा तलावाकडे चालत जातो. मिनिटभराचा सीन. हाताशी एक लॅपटॉप, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि महिनाभराचा वेळ. आता चाल आणायची कुठून?

सगळ्यात झटपट मार्ग मिक्सामोचा, म्हणजे आयत्या चाली देणाऱ्या वेबसाइटचा. अडोबीचं खातं उघडा, पात्र चढवा, रिग (पात्राच्या आतला हाडांचा सांगाडा) आपोआप बसतो, चाल निवडा. फुकट. तासाभरात पात्र चालतंय बघून हरखायला होतं. मग लक्षात येतं की पाय जमिनीवर घसरतायत. कारण साधं आहे. चालीचं एक चक्र, म्हणजे दोन पावलं, 1.4 मीटर अंतर कापत असेल आणि तुम्ही पात्र तेवढ्याच वेळात 1.6 मीटर पुढे सरकवलंत, तर 20 सेंटिमीटर कुठेतरी घसरणारच. हा हिशोब जुळवता येतो. न जुळणारी गोष्ट म्हणजे ती चाल कुणाचीच नसते. मागच्या गर्दीला चालते, पैलवानाला नाही.

मोकॅप, म्हणजे खऱ्या माणसाची हालचाल टिपून पात्राला देणं, ऐकायला भारी. मार्कर आणि डझनभर कॅमेऱ्यांचा प्रकार आपल्या बजेटबाहेरचा, तो सोडा. सेन्सरचा सूट कुणाकडून मिळाला तर लोखंडापासून लांब राहा. पत्र्याच्या शेडमध्ये बऱ्याच सूटचे सेन्सर गोंधळतात. फोनच्या व्हिडिओवरून हालचाल काढणारी सॉफ्टवेअर स्वस्त आहेत, पण एका कॅमेऱ्याला कोण पुढे, कोण मागे हे अंतर कळत नाही. एक पाय दुसऱ्यामागे गेला की ती अंदाज बांधतात, आणि अंदाज चुकला की गुडघा उलटा. वर दर फ्रेमला एक ‘की’, म्हणजे नोंदवलेली पोझ, त्यामुळे एक हात जरा बाजूला घ्यायचा तरी ग्राफ एडिटरमध्ये, जिथे हालचालींच्या रेषा दिसतात, नुसतं जंगल. आणि सडपातळ मित्राला चालवून ती चाल पैलवानाला घातलीत तर अंगात उसना सदरा घातल्यासारखी दिसते. वजन सोबत येत नाही.

हाताने करण्यात मेहनत आहे. पहिली बरी चाल जमायला मला आठवडा गेला. 24 फ्रेमच्या सेकंदात साधारण चालीचं एक पाऊल 12 फ्रेमचं. पोझ चार: टाच टेकते, वजन गुडघ्यात उतरतं, दुसरा पाय शेजारून पुढे जातो, शरीर पंजावर उचललं जातं. हे कुठेही शिकायला मिळतं. पैलवान मात्र या चौकटीत बसत नाही. त्याचं पाऊल 14 ते 16 फ्रेमचं धरा. मांड्या जाड, म्हणून पाय फाकलेले. दंड अंगाला चिकटत नाहीत, ते बाहेर लोंबतात. आणि खरी गोष्ट कंबरेत: प्रत्येक पावलाला कंबर टेकलेल्या पायावर सरकते, खांदे उलट्या बाजूने ती भरपाई करतात. पाय आधी हलवून कंबर मागाहून बसवणारे फसतात. कंबरेपासून सुरू करा, पाय आयके (पाऊल ठेवलं तिथे राखून गुडघा आपोआप वाकवणारी सोय) सांभाळून घेतं.

त्यात त्याच्या पायात कोल्हापुरी. टाच मागून मोकळी, त्यामुळे टाच उचलली की चप्पल क्षणभर मागे राहते आणि मग फटकन टाचेला लागते. आयत्या चालीत हे येत नाही, फोनच्या मोकॅपमध्येही नाही. चपलेच्या तळाला रिगमध्ये एक वेगळं हाड द्या आणि टाचेपेक्षा दोन फ्रेम उशिरा हलवा. एवढ्याने माणूस कोल्हापूरचा होतो.

माझं मत मागाल तर पैलवान हाताने, महाद्वार रोडवरची गर्दी मिक्सामोची. गर्दीत प्रत्येकाचा वेग थोडा कमी-जास्त करा आणि सुरुवातीची फ्रेम बदला, नाहीतर संचलन निघाल्यासारखं वाटतं. सीनमध्ये कुस्तीचा डाव असेल तरच मोकॅपचा विचार करा, आणि तोही खऱ्या पैलवानावर. सूट नाही म्हणून अडून बसू नका. मूकपटांच्या काळात दिग्दर्शक बाबुराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः घडवला होता.

त्यापेक्षा वस्तादांना विचारून तालमीत फोनचा कॅमेरा उभा करा आणि पैलवानाला चालताना शूट करा, बघून बसवायला. गिरवायला नको, अमेरिकी अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशरला रोटोस्कोपचं, म्हणजे शूट केलेली हालचाल फ्रेमफ्रेमने गिरवण्याच्या यंत्राचं, पेटंट 1917 सालीच मिळालं, पण नुसत्या गिरवलेल्या चालीत जोर कमी पडतो. शूट बाजूने आणि समोरून, दोन्हीकडून घ्या. समोरून न घेतल्यास कंबरेचं डावं-उजवं दिसतच नाही, आणि दीडशे किलोचा गडी रंकाळ्याच्या कठड्यावरून मांजरासारखा चालत जातो.