महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाड हलवायचे तर: इंदूर, बडोदा की बेळगाव?

नोकरीत बदली झाली किंवा धंद्यासाठी शेजारच्या राज्यात जायचे ठरले, की मराठी कुटुंबांच्या तोंडी ही तीन नावे हमखास येतात. होळकरांचे इंदूर, गायकवाडांचे बडोदा आणि सीमेवरचे बेळगाव. तिन्हीकडे मराठी बोलणारा वाणी भेटतो, गणपती बसतो, वाचनालय असते. त्यामुळे निवड बहुतेकदा ‘कुठे आपल्यासारखे वाटेल’ यावर होते. हा निकष शेवटी लावावा. पहिला प्रश्न असा: घरातले मोठे मूल आत्ता कितवीत आहे? वस्ती चुकली तर घर बदलता येते. मुलाच्या प्रवेशाचा कोटा हातचा गेला, तर तो परत मिळत नाही.

आधी मुलाची इयत्ता

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात, अखिल भारतीय कोटा 15 टक्क्यांचा. महाराष्ट्राच्या 85 टक्क्यांत बसायला साधारणपणे अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागतात. म्हणजे दहावी नाशिकला आणि अकरावी-बारावी इंदूरला असे झाले, तर मूल महाराष्ट्राच्या वैद्यकीय कोट्यातून बाहेर पडते. नव्या राज्याच्या कोट्यात ते आपोआप शिरत नाही. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायचे ठरलेल्या मुलाला दहावीनंतर हलवणे यामुळेच सर्वांत महागात पडते.

अभियांत्रिकीत महाराष्ट्र थोडा उदार आहे. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील, तर बाहेर शिकलेल्या मुलालाही राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी आई-वडिलांचे ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ घर सोडण्यापूर्वीच काढून ठेवा. त्याला 15 वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. रेशनकार्ड, वीजबिल, पत्ता सगळे बदलून झाल्यावर हे पुरावे गोळा करणे फार जड जाते.

आता तिकडची बाजू. कर्नाटकात सीईटीच्या सरकारी जागांसाठी मुख्य अट आहे ती पहिली ते बारावीदरम्यान कर्नाटकात 7 पूर्ण शैक्षणिक वर्षे शिकल्याची. गणित सोपे आहे: सहावीच्या सुरुवातीला बेळगावात आलेले मूल बारावीपर्यंत बरोबर 7 वर्षे भरते, सातवीत आलेले भरत नाही. मध्ये एक वर्षही बाहेर गेले की हिशेब मोडतो. गुजरातमध्ये अभियांत्रिकीसाठी बारावी तिथल्या शाळेतून होणे महत्त्वाचे, पण वैद्यकीयसाठी अधिवास दाखला लागतो आणि तो सामान्यतः 10 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. मध्य प्रदेशात ‘मूल निवासी’ (तिथला मूळ रहिवासी असल्याचा) दाखला लागतो, तोही वास्तव्याच्या पुराव्यांवरच. हे नियम वर्षागणिक थोडे सरकतात, म्हणून त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका स्वतः वाचा. क्लासवाल्यांच्या सांगण्यावर राहू नका.

यावरून आमचे मत स्पष्ट आहे. मूल पाचवीच्या आत असेल तर तिन्ही शहरे खुली आहेत. आठवी ते दहावीत असेल तर दहावी होईपर्यंत, आणि नीट द्यायची असेल तर बारावीपर्यंत, एका पालकाने मागे थांबण्याचा विचार करावा. नववीनंतर सीबीएसईत जाणे अवघड होते, कारण दहावी आणि बारावीत थेट प्रवेश सहसा पालकांची बदली वगैरे कारण कागदोपत्री दाखवल्यावरच मिळतो.

भाषेचा खरा भार

इंदूर इथे उघड पुढे आहे. लिपी देवनागरी, हिंदी कानावरची, त्यामुळे चौथीतले मूलही पहिल्या आठवड्यात वर्गात मिसळते. बडोद्यात गुजरातच्या 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व बोर्डांच्या शाळांत गुजराती सक्तीची आहे. लिपी देवनागरीच्या जवळची, शिरोरेघ नसलेली. रोज अर्धा तास बसले तर महिना-दोन महिन्यांत वाचायला येते. अडचण येते ती सहावी-सातवीत थेट दाखल झालेल्या मुलाला, कारण बाकीचा वर्ग निबंध लिहीत असतो.

बेळगावचे चित्र उलटे आहे. बाजारात, शेजारात, देवळात मराठी इतकी सहज चालते की टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागात कन्नड न येता वर्षे काढता येतात. मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. पण तहसील, महापालिका, पोलीस ठाणे, जमिनीचा उतारा, नोटीस, सगळे कन्नडमध्ये. शाळेतही 2015 च्या कायद्यानुसार कन्नड शिकावीच लागते, आणि लिपी पूर्ण नवी. मुलाला मे महिन्यातच कन्नड मुळाक्षरांची शिकवणी लावा आणि घरातल्या एका मोठ्या माणसानेही त्याच्यासोबत बसावे. दुकान काढणार असाल तर फलकावर किमान 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये, तोही वरच्या भागात, हे आधीच रंगाऱ्याला सांगा.

सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. रोजच्या जगण्यात त्याची झळ क्वचित बसते, पण वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या एसटी बंद होतात. डिसेंबर 2022 आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तसे झाले. कोल्हापूर-सांगलीला आई-वडील असतील तर अशा दिवसांसाठी रेल्वेचा पर्याय ठाऊक असू द्या.

पाणी, पूर आणि पाऊस

बडोद्यात घर पाहताना विश्वामित्रीला विसरू नका. काला घोडा पुलापाशी 26 फूट ही धोक्याची पातळी, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेले होते. 31 जुलै 2019 ला एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून शहर बुडाले होते. सयाजीगंज, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, समा हे सोयीचे भाग, पण त्यांतल्या नदीकाठच्या सोसायट्यांत तळमजला आणि तळघरातले पार्किंग घेऊ नये. घर दाखवणारा एजंट पुराचा विषय टाळतो. त्यामुळे वॉचमनला विचारा, लिफ्टची मोटर कधी बदलली ते विचारा, वीजमीटर किती उंचीवर बसवलेत ते बघा. मीटर खांद्याच्या वर सरकवलेले दिसले, की पाणी कुठवर आले होते ते कळते.

इंदूर 2017 पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सतत अग्रभागी राहिले आणि रस्ते खरोखर स्वच्छ आहेत. पण नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून आणावे लागते, म्हणून बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतो. डिसेंबर 2025 मध्ये भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून लोक दगावले. झाडलेला रस्ता जमिनीखालच्या जलवाहिनीबद्दल काहीही सांगत नाही. जुन्या वस्तीत घर घेताना नळाचे पाणी बाटलीत भरून तपासणीला द्या, टाकी किती लिटरची आहे ते विचारा, आणि चार माणसांना किमान 1,000 लिटर साठवण धरा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर. उन्हाळा तिन्हींत सर्वांत सुसह्य, पण जून ते सप्टेंबर पाऊस चिवट असतो. पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आहे का, ते पावसाळ्यातच कळते. घरात दमेकरी असेल तर हे हलक्यात घेऊ नका.

घर आणि गाडी

घर विकत घ्यायचे तर खर्चातला फरक मोठा आहे. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी 1 टक्का, घर स्त्रीच्या नावे असेल तर नोंदणी शुल्क माफ. इंदूरमध्ये शहरी हद्दीत सगळे मिळून साडेबारा टक्क्यांच्या आसपास जाते. 50 लाखांच्या घरावर हा फरक 3 लाखांहून अधिक होतो. कर्नाटक या दोघांच्या मध्ये.

अडकण्याच्या जागाही वेगळ्या. बडोद्याच्या जुन्या शहरात काही भागांना ‘अशांत धारा’ (अशांत क्षेत्रांतल्या मालमत्तांचा कायदा) लागू आहे, तिथे विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तीशिवाय व्यवहार टिकत नाही. इंदूरच्या कडेला ‘अवैध कॉलनी’तले भूखंड स्वस्त मिळतात. नगर व ग्राम निवेश (नगररचना खाते) याची मंजुरी आणि डायव्हर्शनचा, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा, आदेश पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. बेळगावात ई-खाता (मालमत्तेचा पालिकेतला ऑनलाइन उतारा) नसेल तर नोंदणीच होत नाही, आणि बी-खात्यावर, म्हणजे नियमात न बसणाऱ्या मालमत्तेच्या उताऱ्यावर, बँका कर्जाला खळखळ करतात. पहिले वर्ष भाड्याने राहावे, एक पावसाळा बघावा, मग विकत घ्यावे.

गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर फेरनोंदणी करावी लागते. महाराष्ट्राच्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना-हरकत घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आधी, कारण बहुतेक अर्ज तिथेच अडतात. मग नव्या आरटीओत कर भरून फॉर्म 27, आणि नंतर महाराष्ट्राकडे उरलेल्या कराचा परतावा. गुजरातचा कर साधारण 6 टक्क्यांचा, कर्नाटकचा 13 ते 18 टक्क्यांचा आणि वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते. तरीही बेळगावला जाताना आठ-दहा वर्षांची गाडी सोबत न्यायची की इथेच विकायची, हा हिशेब नक्की करा. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपनीत असाल तर नव्या गाडीला बीएच (देशभर चालणारा ‘भारत’ मालिकेतला) क्रमांक घ्या, ही कटकटच उरत नाही.

जातीचा दाखला

महाराष्ट्राचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणासाठी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच हे स्पष्ट केले आहे. केंद्राच्या नोकऱ्या आणि संस्थांसाठी तो मूळ राज्याच्या आधारे चालू राहतो. जात-पडताळणी बाकी असेल तर निघण्यापूर्वी पूर्ण करा.

अंतर आणि काम

बडोदा-मुंबई सुमारे 390 किलोमीटर, वंदे भारतने चार-साडेचार तास. रसायन, तेल-शुद्धीकरण, अवजड अभियांत्रिकी या क्षेत्रांत असाल तर तिन्हींत बडोदाच निवडा. इंदूरहून मुंबईला अवंतिका एक्सप्रेसची एक रात्र, पण पुण्याची गाडी रतलाम-बडोदा-वसई असा वळसा घेते. मनमाड-इंदूर हा 309 किलोमीटरचा नवा मार्ग सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झाला, पण त्याच्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नये. सॉफ्टवेअर, व्यापार, पीथमपूरचे कारखाने यांसाठी इंदूर चांगले. बेळगावात फाउंड्री, हायड्रॉलिक्स, विमानांचे सुटे भाग यांचे काम आहे. आजारी आई-वडिलांना सोबत नेणाऱ्यांना केएलई रुग्णालय आणि मराठीत बोलणारे डॉक्टर यांचा मोठा आधार होतो, आणि कोल्हापूर दोन तासांवर.

निघण्याचा क्रम

शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, राज्य बदलताना ती मागतात. मुलाचा पेन (कायम विद्यार्थी) क्रमांक लिहून घ्या आणि जुन्या शाळेने यूडायस या शाळा-नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकले का, ते तिथेच उभे राहून पाहा. ते राहिले तर नवी शाळा मुलाला वर्गात बसवते, पण नोंद होत नाही आणि हे नववीच्या बोर्ड नोंदणीच्या वेळी उघडकीला येते. इंदूरला जाणाऱ्यांनी पोहोचताच भाडेकरार आणि आधारवर समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा ओळख क्रमांक) काढावा, शाळा तो पहिल्याच दिवशी मागते. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, महाराष्ट्र बोर्डाचा निकाल लागेपर्यंत तिथले वर्ग भरलेले असतात. त्यामुळे जागेची चौकशी डिसेंबर-जानेवारीतच करावी.