पणजीतील एक खरेदी : गागो कुतिन्हो यांचे चरित्र

पणजीच्या मळा भागातील जुन्या पुस्तकांच्या एका लहानशा दुकानात पोर्तुगीज आरमारी अधिकारी गागो कुतिन्हो (१८६९-१९५९) यांचे पोर्तुगीज भाषेतील छोटेखानी चरित्र मिळाले. पानांना कसर लागलेली असली तरी बांधणी शाबूत आहे. किंमत मात्र अवाजवी वाटली. आरमारातील बढत्यांची जंत्री कंटाळवाणी आहे, परंतु १९२२ च्या उड्डाणाचे प्रकरण वाचनीय उतरले आहे. तिमोर, मोझांबिक आणि अंगोला येथील मोजणीच्या कामात मुरलेल्या या अधिकाऱ्याने सेक्स्टंटला, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजून आपले ठिकाण ठरवण्याच्या नाविक उपकरणाला, पाणसळीसारखी बुडबुड्याची नळी जोडून, क्षितिज दिसत नसतानाही सूर्याची उंची मोजता येईल अशी सोय केली. याच साधनाच्या भरवशावर त्यांनी वैमानिक साकादुरा काब्राल यांच्यासह ३० मार्चला लिस्बन सोडले, अटलांटिकमधील सेंट पीटर आणि सेंट पॉल हे इवलेसे खडक अचूक गाठले आणि वाटेत दोन विमाने गमावूनही तिसऱ्या विमानाने १७ जूनला रिओ द जानेरो गाठले. सेक्स्टंटची आकृती इतकी स्पष्ट आहे की पोर्तुगीज जेमतेम येणाऱ्यालाही त्याची रचना उमगावी. दुकानदार पुस्तके निवांत चाळू देतात. पावती तेवढी मागून घ्यावी लागते.