मेडेला सिंफनी: बाळ एनआयसीयूत असलेल्या आईसाठी भाड्याने घ्यायचा पंप

बाळ जन्मताच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेलं की त्याला अंगावर पाजणं काही दिवस, कधी काही आठवडे लांबतं. आईच्या शरीराला हे ठाऊक नसतं. स्तन किती वेळा आणि किती पूर्ण रिकामे होताहेत, यावरूनच ते पहिल्या दोन आठवड्यांत पुढच्या दुधाचा अंदाज बांधतं. म्हणून या आईला लागणारा, अंगावरचं दूध काढायचा पंप वेगळा. कामावर परतलेल्या आईचा पंप आधीच उतरलेलं दूध काढतो, इथे मात्र दूध उतरवण्यापासून सुरुवात करायची असते. या कामासाठी मेडेला कंपनीचा सिंफनी आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. तो विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावा, आणि शक्यतो बाळंतपणाच्या दिवशीच.

भाड्याचं यंत्र म्हटलं की स्वच्छतेची शंका येतेच. सिंफनीत दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो आणि प्रत्येक आई स्वतःचं नवं किट (फनेल, नळ्या, बाटल्या असे सुटे भाग) वापरते, त्यामुळे एकच यंत्र अनेकींना चालतं. मैत्रिणीने दिलेला घरगुती पंप मात्र एकीपुरताच बनवलेला असतो, तो या बाळासाठी नको. खोक्यावरच्या ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दांवरही विसंबू नका. अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी संस्था एफडीए ही संज्ञा मानत नाही, कोणतीही कंपनी ती छापू शकते. ‘अनेक जणींनी वापरण्यासाठी बनवलेला आहे का’ एवढंच विचारा.

यातला खरा उपयोगाचा भाग म्हणजे ‘इनिशिएट’ हा प्रोग्रॅम. पंप सुरू केल्यावर पहिल्या १० सेकंदांत थेंबाचं चित्र असलेलं बटण दाबलं की तो चालू होतो. हा प्रोग्रॅम यंत्रात बसवलेल्या कार्डावर असतो आणि सर्व यंत्रांत ते कार्ड नसतं, भाड्याने घेताना तपासून घ्या. नवजात बाळ कधी भराभर ओढतं, कधी थांबतं, तशीच याची चाल १५ मिनिटं अनियमित असते. मध्ये पंप थबकला की बिघडला असं वाटून बंद केला जातो. तसं करू नका, पुरी १५ मिनिटं चालू द्या. सलग तीन वेळा दोन्ही बाजूंचं मिळून २० मिलि दूध निघालं की ‘मेंटेन’ या पुढच्या प्रोग्रॅमवर जायचं. तेवढं निघालं नाही तरी सहाव्या दिवशी बदलायचंच. मेंटेनमध्ये सुरुवातीला मिनिटाला १२० हलके झटके बसतात. पान्हा फुटला की थेंबाचं बटण दाबा, नाहीतर दोन मिनिटांनी यंत्र आपोआप ५४ ते ७८ च्या संथ, खोल चालीवर येतं. धार थांबल्यावरही दोन मिनिटं चालू ठेवा.

ओढ २५० एमएमएचजीपर्यंत (हे दाब मोजायचं एकक) वाढवता येते, म्हणून ती तेवढी वाढवायची असं नाही. ओढ कमी-जास्त करायचं चक्र फिरवत जा, जरा टोचल्यासारखं वाटलं की थोडं मागे घ्या. दुखायला लागलं की पान्हाच अडतो, मग कितीही ओढून उपयोग नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र हा पंपही हातापुढे कमी पडतो. चीक घट्ट आणि थेंबाथेंबाने येतो, तो किटच्या भिंतींनाच चिकटून वाया जातो. जन्मानंतर पहिल्या तासात जमलं तर उत्तम, नाहीतर सहा तासांच्या आत हाताने दाबून काढायला लागा आणि थेंब १ मिलिच्या सिरिंजमध्ये ओढून घ्या. बाळाचं दूध बंद असलं तरी नर्सला विचारा, अनेक ठिकाणी हेच थेंब त्याच्या गालांच्या आतून लावतात. पंप त्याच दिवसापासून जोडीला असू द्या. तो सुरू असताना हाताने स्तन दाबत राहिलं, तर दूध जास्त निघतं.

२४ तासांत निदान आठ वेळा काढायचं, त्यात रात्रीची एक खेप हवीच. दोन आठवड्यांच्या सुमारास दिवसाला ५०० ते ७५० मिलि दूध हे चांगलं लक्ष्य आहे. तिथवर पोचायला वेळ लागला तर आईचं काही चुकलंय असं अजिबात नाही. सिझेरियन, रक्तस्राव, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, या सगळ्यांनी दूध उशिरा उतरतं. बाळाला छातीशी कांगारू पद्धतीने, म्हणजे उघड्या त्वचेला त्वचा लावून, धरल्यानंतर लगेच, त्याच्या शेजारी बसूनच पंप लावला, तर बहुतेकींना फरक दिसतो.

सर्वाधिक तक्रारी फनेलच्या, म्हणजे स्तनावर बसवायच्या नरसाळ्याच्या, मापावरून येतात. किटबरोबर बहुधा २४ मिमीचं फनेल येतं आणि सगळ्या जणी तेच वापरतात. स्तनाग्राची बुडाशी रुंदी मोजा, भोवतीचा काळसर भाग धरू नका. १७ मिमीपर्यंत असेल तर २१ चं फनेल, २० पर्यंत २४ चं, २३ पर्यंत २७ चं, त्यापुढे ३० आणि ३६. स्तनाग्र नळीत मोकळं पुढे-मागे सरकायला हवं. ते कडांना घासून पांढरं पडत असेल तर माप लहान आहे, काळसर भाग आत ओढला जात असेल तर मोठं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजा, माप बदलतं.

ओढ अचानक कमी झाली की मोटरवर संशय जातो, दोष बहुतेक वेळा छोट्या पडद्यात असतो. जुन्या किटमध्ये पिवळ्या झडपेवर पांढरा पातळ पडदा असतो. त्याला केसाएवढी चीर पडली किंवा तो सपाट बसला नाही, तरी हवा गळते. एक जास्तीचा पडदा जवळ ठेवाच.

धुण्यात आळस नको. दुधाला लागलेले भाग प्रत्येक वेळी वेगळ्या भांड्यात साबणाने धुवा, सिंकमध्ये नाही. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा आणि हवेवर पूर्ण वाळवा. नळ्या एरवी धुवू नयेत, आत ओल राहते. आत बुरशी दिसली तर फेकून द्या. न धुता किट फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरण्याची युक्ती अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी धोक्याची आहे.

दूध टणक बाटलीत साठवा, पिशव्या गळतात. प्रत्येक खेपेची बाटली वेगळी, तिच्यावर नाव, रुग्णालयाचा नंबर, तारीख आणि वेळ. निरोगी बाळासाठी खोलीत ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस चालतात, एनआयसीयूचे नियम बहुधा याहून कडक असतात. तेच पाळा. फ्रीजरमध्ये ठेवायचं तर बाटली पाऊण भरा. वितळलेलं दूध २४ तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. आई औषधं घेत असेल तर दूध ओतून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा ओतायची गरज नसते.

उणिवा आहेत. यंत्र जड आहे, घर आणि रुग्णालय अशी रोज ने-आण करण्याजोगं नाही. बॅटरी सगळ्या मॉडेलांत नसते. शक्य असेल तर वॉर्डातलंच यंत्र तिथे वापरा, भाड्याचं घरी ठेवा, किटची ने-आण करा. कपड्यांच्या आत घालायचे पंप सोयीचे आहेत, पण दूध नीट जमेपर्यंत सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये.

बाळ घरी आलं त्याच दिवशी पंप परत करण्याची घाई नको. अपुऱ्या दिवसांचं बाळ ओढता ओढता दमून झोपतं आणि स्तन अर्धवट भरलेलाच राहतो. वजन सलग वाढतंय असं डॉक्टर सांगेपर्यंत पाजल्यानंतर पंप लावत राहा, मग एकेक खेप कमी करा आणि तेव्हाच यंत्र परत द्या.