मेंदी लावलेला 'आयरिश सेटर' आणि गेलेले ३८,५०० रुपये

लाज वाटते, पण लिहितोय. चवथीच्या तीन दिवस आधी, २४ ऑगस्टच्या रविवारी, गोव्यातल्या साखळीच्या बसस्थानकावर 'आयरिश सेटर' जातीच्या कुत्र्याचं म्हणून टोपलीतलं एक तांबडं पिल्लू हातात घेतलं. हिशेब असा: बुकिंगचे ५,०००, हातात दिले ते २७,०००, चोर्ला घाटातून आणायचं गाडीभाडं २,५००, आणि पंधरा दिवसांनी 'पेपर सोडवायला', म्हणजे जातीचे कागद मिळवायला, ४,०००. पेपर आजतागायत सुटलेले नाहीत.

'एवढा कुत्र्यांतला जाणकार आणि फसला कसा?' असं घरचेच विचारतात. तर ऐका. सेटर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती कानांवरची, छातीखालची, शेपटीची लांब रेशमी झालर. ती पिल्लाला नसतेच! ही झालर, म्हणजे फेदरिंग, दिसायला सहा-आठ महिने जातात आणि कुत्रा पूर्ण भरायला दोन-तीन वर्षं. आठ आठवड्यांचं पिल्लू आखूड, मऊ केसांचंच असतं. म्हणजे ज्या केसांवरून जात ओळखायची, ते केस विकणाऱ्याला दाखवावेच लागत नाहीत. दाखवायचा तो फक्त रंग, आणि रंग बाजारात पुडीत मिळतो.

कळायला हवं होतं ते तिथेच, बसस्थानकावर. टोपलीतल्या वर्तमानपत्रावर केशरी डाग होते. मी विचारलं. विकणारा म्हणाला, "हळद लावलीय दादा, किडे होऊ नयेत म्हणून." मी मान डोलावली! हळदीचा डाग पिवळा, हा विटकरी. नखांच्या कडा रंगलेल्या, पंजाच्या गाद्यांमधले केसही रंगलेले. पाऊस होता, मागे बस हॉर्न मारत होती, पिल्लू कुडकुडत होतं, हे सगळं खरं. पण खरं तर मला पिल्लू हवं होतं, म्हणून मला डाग दिसला नाही. कानामागचे केस बोटांनी फाकून बघितले असते तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. सेटरचा तांबडा रंग मुळापर्यंत साधारण सारखाच असतो. छातीवर किंवा बोटांवर थोडा पांढरा चालतो, काळा केस मात्र नाही. याचे केस मुळाशी फिकट होते हे पहिल्या आंघोळीला समजलं, टॉवेल केशरी झाला तेव्हा. एकच दिलासा, ती साधी मेंदी होती. केस काळे करायच्या पुडीत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं पिल्लाची कातडी भाजते.

दुसरं. तो म्हणाला होता, "याच्या बापानं डुकरं धरलीत." अरे, सेटर हा पक्ष्यांवरचा कुत्रा! पक्ष्याचा वास लागला की थबकतो, दबा धरून जागा दाखवतो, धरायला धावत नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी हसलो. कौतुकानं.

केस नसतात तर बघायचं काय? कान खाली, मागच्या बाजूला बसवलेले, पातळ, डोक्याला लगटून लोंबणारे. तोंड लांब आणि खोल. शेपूट मुळाशी जाड, टोकाला निमुळती, पाठीच्या रेषेत किंवा जरा खाली. आमच्या साहेबांची पाचव्या महिन्यात पाठीवर वळून बसली आणि एक कान उभा राहिला. सेटर नर वाढला की खांद्यापाशी २७ इंच, मादी २५. आई बघितल्याशिवाय पैसे देऊच नका. "आई चवताळते, घरी येऊ नका" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा.

लसीचं कार्ड मी घरी येऊन वाचलं. जन्म २ जुलै, पहिली लस २१ जुलै, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी. पार्व्हो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरची लस सहसा सहा आठवड्यांआधी देत नाहीत. सगळ्या तारखा एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेल्या. बाटलीवरचं स्टिकर नाही, बॅच नंबर नाही, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. शिवाय पिल्लू ५३ दिवसांचं, तो सांगत होता साठ. २०१७च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं त्या पिल्लाचं प्रमाणपत्र, बापाच्या कागदाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नव्हे. कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या मायक्रोचिपचा नंबर पंधरा आकडी असतो. मला पाठवलेल्यात बारा होते, मोजले कोणी? डॉक्टरांनी स्कॅनर मानेपासून शेपटीपर्यंत दोनदा फिरवला. चिपच नव्हती.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात ऐकवलं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला." सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे स्वतः पाठवले की खात्यातून चोरले? स्वतः पाठवले म्हटल्यावर अर्ज परत. पशुवैद्यकीय कार्यालयात सांगितलं, विक्रेता घाटापलीकडचा, तिकडे जा. तिकडे फोन केला तर म्हणे व्यवहार गोव्यात झाला, तिथेच बघा. चार खेपा, दोन रजा, आणि एका हवालदाराचा सल्ला: "गावठी पाळा हो, बरी असतात." बरी असतातच! पण गावठी ३८,५०० ला विकतात का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, महिन्यानं नव्हे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार चालते, मुदत दोन वर्षं. हे मला एकाही टेबलावर कोणी सांगितलं नाही.

आणि अस्सल सेटर मिळालाच, तर गोव्याचा पावसाळा विसरू नका. काख, कानामागचा भाग, मांड्या आणि शेपूट बारीक तारांच्या स्लिकर ब्रशनं विंचरून मग लोखंडी कंगवा मुळापर्यंत गेला पाहिजे. वरून मऊ लागतं, आत गुंता बसतो, गुंत्याखाली ओल राहते आणि दोन दिवसांत हॉटस्पॉट, म्हणजे ओली चिघळलेली जखम. भिजला की ड्रायर थंड हवेवर, कातडी कोरडी होईपर्यंत. शेतातून आला की बोटांमधली कुसळं आणि कानाच्या आतले गोचीड काढा. हवा न लागणारा कान आठवड्याला हुंगून बघा, आंबूस वास आला की डॉक्टर. छाती खोल असल्यामुळे पोटाला पीळ पडू शकतो. जेवण दोन-तीन वेळा थोडंथोडं, जेवल्यावर तासभर तरी धावणं नाही. पोट ताठ आणि कोरडे उमासे दिसले तर सकाळची वाट बघू नका.

आमचा नकली सेटर या क्षणी दारात, वळलेली शेपूट हलवत बसलाय, मुळाशी पांढरा, टोकाला केशरी. टॉवेल पिशवीत बांधून ठेवलाय, वर्तमानपत्राचा तुकडाही. दोन्ही घेऊन मी ठाण्यात गेलो होतो. पिशवी उघडायला कोणी सांगितलं नाही.